तांब्याच्या तारेतला हार

आमचे हे, गोरक्षनाथ, नागापूरच्या एका कारखान्यात वायरमन होते. एकाहत्तर सालच्या खंडेनवमीला मी नवी नवरी म्हणून तिथे पूजेला गेले. कामगारांच्या बायकांनी यंत्रांना हळदकुंकू वाहायचं, अशी तिथली पद्धत. झेंडूचा हार मीच ओवला होता. दोरा सारखा तुटायला लागला, तेव्हा यांनी जळालेल्या मोटारीतून काढून आणलेली तांब्याची बारीक तार मी घेतली. हार कसा ताठ बसला, म्हणून मी खुशीत होते.

विजेच्या मेन बोर्डाला हार आतूनच घालायचा, हा यांचा हट्ट. देवाला कुणी दाराबाहेरून हार घालतं का, असं म्हणत यांनी वीज चालू असतानाच बोर्डाचं दार उघडलं. तेवढ्यात हेडवायरमन आबासाहेब आले. त्यांचा डावा कान आणि भुवई एका जुन्या भडक्यात भाजून गेली होती. त्यांनी दार लावलं आणि सगळ्या कारखान्याची वीज बंद केली. मॅनेजर माल अडल्याबद्दल कुरकुरले. एकजण हसून म्हणाला, "आबा, देवीला शॉक बसंल व्हय?"

आबांनी बोर्डाचं दार पुन्हा उघडून यांना हार आत घालू दिला. पूजा झाली. त्यांनी दार लावून चारी बोल्ट आवळले आणि आम्हा बायकांना लांब उभं केलं. हे वीज चालू करण्याची मूठ वर करायला दारासमोर गेले, तसा आबांनी त्यांचा खांदा धरला.

"समोर न्हाई, गोरक्ष. बाजूला. बाह्या खाली घे, तोंड भिंतीकडं कर."

माझ्यादेखत बोलणी बसली म्हणून हे रागावले, पण ऐकलं.

मूठ वर गेली आणि डोळे दिपवणारा उजेड झाला. दार उखडून बाहेर आलं. समोरच्या फरशीवर, आधी यांचे पाय होते तिथे, काळा डाग पडला. हार आत घसरला होता. माझी तार वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर आडवी पडली होती. तार मी ओवली, हे मी रडत तिथेच सांगितलं.

आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी यांची हनुवटी वर केली आणि माझ्याकडे वळवली.

"हिचं लुगडं कंच्या रंगाचं हाय?"

हे बराच वेळ डोळे मिचकावत राहिले.

"हिरवं. पदरावर कुंकू सांडून घेतलंय येडीनं."

पुढे त्याच डोळ्यांनी यांनी तीन लेकरं आणि पाच नातवंडं पाहिली.

त्या दिवशी आबा मात्र तिथेच मटकन खाली बसले आणि पाणी मागितलं. तांब्या मीच नेला. अर्धं पाणी मी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.