इतिवृत्तात रुपाचं नाव

ग्रामसभेत बोलायची सिंधुबाई, शब्द असायचे रुपाचे. नळाला पाणी दिवसाआड का, अंगणवाडीची पोरं ओट्यावर का बसतात, असे प्रश्न सून सकाळी चुलीपाशी सासूकडून घोकून घ्यायची आणि सभेच्या वेळी मंडपाच्या दोरीबाहेर उभी राहायची. दोरीच्या आत मतदार बसत. रुपाचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी एका दलालाने तिला बांगलादेशातून चोरवाटेने आणलं आणि शहादा तालुक्यातल्या या तापीकाठच्या गावात सिंधुबाईच्या मुलाशी, नवनीतशी तिचं लग्न लागलं. तशा आणखी दोघी गावात होत्या.

यंदाचा प्रश्न त्या तिघींचा होता. या सुना आमच्या आहेत, एवढा ठराव गावाने करावा. त्याने नागरिकत्व मिळत नाही, हे रुपाला ठाऊक होतं. पण उद्या पोलीस घेऊन जायला आले, तर गावाचा कागद तरी पुढे करता आला असता. उघड बोलल्यावर कुणी तक्रार करील, ही भीतीही होतीच.

सिंधुबाई उठली, दोन वाक्यं बोलली आणि थांबली.

"इसरनी का वं, काकू?" मागून हिलालने टोमणा मारला. लोक हसले.

"इसरनू नही. हाई मन्ही सून सांगी."

"त्यांचं यादीत नाव नाही," ग्रामसेवक भूपेंद्र म्हणाला. "बोलता येणार नाही."

"मंग पाच वरीस मी जे बोलनू, ते बोल कोना व्हतात? तिन्हाच. ते बी खोडी टाक. तिन्हा बोलवर बांधेल अंगणवाडीनी खोली बी पाडी टाक!"

हसू विरलं. सरपंच हेमांगीताईंनी स्वतः उठून दोरी वर धरली.

रुपा वाकून आत आली. "मी आठे, या गावमा, पाहुनी नही," ती म्हणाली. "आठली केळी मी कापी. आठला मयतले मी रडनू. मी तुम्हनी शे का नही, ते आते तुम्हीच सांगा."

पहिला हात नवनीतचा वर गेला. सभेत कधी तोंड न उघडणारा माणूस. मग हिलालचा. मग बायकांचे सगळे.

भूपेंद्रने इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं: ठरावाच्या सूचक, सिंधुबाई हिंमतराव पाटील. हात सवयीनेच त्या नावाकडे गेला होता. सिंधुबाईला वाचता येत नव्हतं, पण पाच वर्षांत आपल्या नावाचा आकार ती ओळखू लागली होती. तिने त्यावर बोट ठेवलं.

"हाई मन्हं शे. तिन्हं लिख."

त्याने रेघ मारून वर लिहिलं: रुपा नवनीत पाटील. वही मिटायला लागला तसा रुपाने घाईने मध्ये हात घातला. शाई ओली होती.

सिंधुबाई वाकली आणि पोराचा घास निववावा तशी त्या नावावर फुंकर घालत राहिली.