टाकी टू टाकी

चेतनाने लाल गाडी घेतली तेव्हा सोसायटीतल्या एकाही पुरुषाने तिला विचारलं नाही की बाई, ही चालवायला कशी वाटते. वीस वर्षांची जुनी का होईना, जपानहून आलेली दोन दारांची, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार होती ती. बॉनेटखाली तीन लिटरचं इंजिन होतं. शाळेत असल्यापासून चेतनाला अशी गाडी हवी होती. साकीनाक्याच्या आपल्या वर्कशॉपात लिफ्टचे सुटे भाग बनवत बनवत सेहेचाळिसाव्या वर्षी तिने ती घेतली, आणि हौसेला ठेवण्यासाठी नव्हे, रोज बोरिवलीहून कामावर जाण्यासाठी घेतली. पण गेटवर जमणाऱ्या मंडळींना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. लिटरला किती देते?

पहिल्या दिवशी ती खरं बोलली. "पाच," म्हणाली. त्यावर अशी शांतता पसरली की जणू तिच्या घरी कोणी गेलंय. पुढचे पंधरा दिवस तिला सल्ले मिळत राहिले. टायरमध्ये हवा जास्त भर. एसी लावू नकोस. क्लचवर पाय ठेवून बसू नकोस, बायका ठेवतात. सेक्रेटरी सुबोधने तर सीएनजी बसवून घे म्हणून सांगितलं. दोन सीटांच्या गाडीत सिलिंडर ठेवायचा कुठे, असं तिने विचारलं, तर म्हणे शेजारच्या सीटवर, नाहीतरी तू एकटीच असतेस.

सोळाव्या दिवशी तिने जाहीर केलं, "सर्व्हिसिंग केलं. आता बारा देते." आणि सगळे गप्प झाले. बाराला कोणी हसलं नाही, कोणी खोदून विचारलं नाही. विचारणार कसं? त्या गेटवर उभ्या असलेल्या प्रत्येकाची गाडी वर्षानुवर्षं थापेवर चालत होती. सुबोधची इवलीशी गाडी बावीस देत होती, तीही भर ट्रॅफिकमध्ये, चार माणसं आणि सासूबाईंच्या बॅगा घेऊन. माणसं एकवेळ पगार खरा सांगतील, वय खरं सांगतील, पण गाडीचा ॲव्हरेज खरा सांगणार नाहीत, असं चेतनाचं मत झालं आणि ती सुखाने त्यांच्यात सामील झाली.

तिचा बारा मनापासून खरा मानणारा एकच माणूस निघाला, आणि तो नेमका चंद्रप्रकाश काका निघावा, हे तिचं नशीब.

तळमजल्यावरचे चंद्रप्रकाश काका शहरातल्या एका बस डेपोतून निवृत्त झाले होते. ते ड्रायव्हर नव्हते, कंडक्टरही नव्हते. कोणती बस किती डिझेल प्यायली, किती किलोमीटर धावली आणि त्यावरून कोणत्या ड्रायव्हरची लायकी किती, हे एकतीस वर्षं ठरवणं हे त्यांचं काम. ज्याचा ॲव्हरेज कमी, त्याचं नाव फळ्यावर. तरी सुधारला नाही, तर ट्रेनिंगला रवाना. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही आकडा चुकीचा लिहिला नव्हता. त्यामुळे समोरचा माणूस आकडा खोटा सांगू शकतो, हे त्यांच्या डोक्यात येतच नसे.

एका गुरुवारी चेतना त्यांच्याकडे सोलकढीची रिकामी बाटली परत द्यायला गेली. दार उघडायला मालन काकी आल्या. खुर्चीपासून दारापर्यंतच्या सात-आठ पावलांत त्यांनी दोनदा भिंत धरली. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करायचं ठरलं होतं, हे चेतनाला ठाऊक होतं. म्हणून तिने सहज विचारलं, "काकी, तारीख मिळाली का?"

"तारीख खंयची गो," मालन काकी म्हणाल्या. "ह्येंका आता गाडी व्हयी झाली. तुझ्यासारखी. मुलुंडात कोणाकडे तरी आसा, निळी. शनिवारी पैसे देवक जातत."

"कुठले पैसे?"

"गुडघ्यांचे." काकी खुर्चीत बसल्या आणि हसल्या, पण हसण्यात काही राम नव्हता. "म्हणतत, गाडी दारात आयली की तुका चालूकच नको. रोज वापरूक परवडता, चेतनाची बारा देता. माझे गुडघे काय, दहा वर्षां वाट बघतत, आणखी दोन वर्षां बघतले."

त्या गाडीची सीट जमिनीपासून वीतभर उंच. रोज सकाळी चेतना स्वतः तिच्यात शिरताना एक हात छताला आणि एक हात देवाला लावत असे. त्या खड्ड्यात या बाईला बसवणार, आणि तेही ऑपरेशन रद्द करून. सगळं आपल्या एका थापेवर. गेटवरच्या चार टाळक्यांची तोंडं बंद करायला आपण आकडा फेकला आणि तो येऊन या माउलीच्या गुडघ्यांवर पडला, या विचाराने तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

काका आत पेपर वाचत होते. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, मी खोटं बोलले. गाडी बारा देत नाही. पाच देते."

काकांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एक प्रकारची माया होती. डेपोत ट्रेनिंगची पत्रं याच मायेने लिहिली जात असावीत.

"पाच तुझे," ते म्हणाले. "गाडीचे नाहीत."

"म्हणजे?"

"अगं, गाडी लोखंडाची असते. तिला काय कळतंय? ॲव्हरेज पायाचा असतो. तुझा पाय जड आहे. मी रोज तुझा गेटमधून निघतानाचा आवाज ऐकतो ना. घ्रूम करून जातेस. तीच गाडी माझ्या पायाखाली दे, बारा काय, तेरा देईल."

"काका, वीस वर्षं जुनं इंजिन आहे. मी मेकॅनिकला दाखवलंय. अशा गाड्या ट्रॅफिकमध्ये एवढंच देतात. जगभर तेवढंच देतात."

"जगभर ड्रायव्हर असेच चालवतात."

खोटं बोलली तेव्हा चेतनावर पूर्ण विश्वास होता, खरं बोलली तर पाय जड. शेवटी तिने विचारलं, "मग उद्या तुम्हीच चालवून बघता? बोरिवली ते साकीनाका आणि परत. सहाच्या खाली आला तर मुलुंडला जायचं नाही."

"टाकी टू टाकी," काका म्हणाले, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचे डोळे चमकले.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता दोघं पंपावर हजर. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी दोन नंबरच्या मशिनसमोर सपाट जागेवर उभी करायला लावली, मीटर शून्यावर आणला आणि टाकीच्या तोंडाशी पेट्रोल दिसेपर्यंत भरायला लावलं. मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेले. आधी एक पाय आत घातला, तो अडकला, तो काढला, मग पाठ घातली आणि शेवटी बाकीचे काका आत पडले. चेतनाने तोंड फिरवून घेतलं.

त्या दिवशी हायवेवर चंद्रप्रकाश काकांनी जे ड्रायव्हिंग केलं, ते एखाद्या व्रतासारखं होतं. एसी बंद. वाऱ्याचा विरोध नको म्हणून काचाही बंद. वेग चाळीस, कमी नाही, जास्त नाही. मागे ट्रक हॉर्न मारत होते, रिक्षा डावीकडून पुढे जात होत्या. कांदिवलीजवळ एका रिक्षावाल्याने वाकून आत पाहिलं आणि "क्या अंकल, धक्का दूँ?" असं मनापासून विचारलं. काकांनी लक्ष दिलं नाही. प्रत्येक सिग्नलला ते इंजिन बंद करत आणि दिवा हिरवा झाला की चालू करत. पुलावर चढले की उताराला गिअर काढून गाडी नुसती घरंगळू देत. चेतनाच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि आपण आपल्याच स्वप्नातल्या गाडीत उकडून मरणार, अशी तिची खात्री झाली होती.

"हे असं चालवायचं असतं," जोगेश्वरीला गाडी पंचवीस मिनिटं एकाच जागी उभी होती, तेव्हा काका समाधानाने म्हणाले. "आमच्याकडे एक रतन म्हणून ड्रायव्हर होता. कायम सगळ्यांत खाली. बोलावून विचारलं की एकच पालुपद, साहेब, मी नीट चालवतो, गाडीच पिते. सात वेळा ट्रेनिंगला पाठवला मी त्याला. एक वर्ष पगारवाढ रोखली."

"मग सुधारला?"

"कसला सुधारतोय. स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेला. काही लोकांना चूक मान्यच करायची नसते."

साकीनाक्याला पोचून वळसा घालून परत पंपावर यायला पावणेबारा वाजले. तेच मशीन, तीच सपाट जागा. पंपावरच्या बाईने नळी लावली. काका वाकून टाकीच्या तोंडाकडे बघत होते. मशिनवर पाच लिटर झाले. सहा झाले. सात झाले तेव्हा काका म्हणाले, "सांडतंय का बघ जरा." सांडत नव्हतं. आठ पूर्णांक नऊला पेट्रोल पुन्हा टाकीच्या तोंडाशी आलं.

मीटरवर एकेचाळीस किलोमीटर होते. काकांना भागाकाराला कागद लागत नसे. त्यांचे ओठ हलले आणि थांबले.

"चार पूर्णांक सहा," ते म्हणाले.

चेतनाच्या जड पायापेक्षाही कमी. चेतनाला आधी हायसं वाटलं, कारण काकींचे गुडघे वाचले होते. मग तिला थोडा आनंद झाला, कारण तीही माणूसच होती. आता काका पेट्रोलमधल्या इथेनॉलला शिव्या देतील, रस्त्याला देतील, जोगेश्वरीला देतील, असं धरून ती ऐकायच्या तयारीत उभी राहिली. पण काका हवा भरायच्या यंत्राजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसले. इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटला होता.

"काका, पाणी देऊ?"

"मी नीट चालवली ना गं?"

"एकदम नीट. यापेक्षा नीट कोणी चालवूच शकत नाही."

"रतन गेल्यावर त्याची बस मी दुसऱ्याला दिली," काका सावकाश म्हणाले. "त्याचाही कमीच आला. मी त्यालाही ट्रेनिंगला पाठवला. मग तिसऱ्याला दिली." त्यांनी बोटांवर तीन मोजले. "तिघांचाही आकडा मीच लिहिला. एकाखाली एक लिहिला, चेतना. आणि बसकडे एकदाही बघितलं नाही."

सकाळपासून चेतना मनातल्या मनात या म्हाताऱ्याची टिंगल करत होती. आता तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

थोड्या वेळाने काकांनी खिशातून फोन काढला. मुलुंडच्या माणसाला सांगितलं, निळी गाडी नको. मग घरी फोन लावला. "मालन, डॉक्टरकडून तारीख घे. हो, दोन्ही गुडघ्यांची. नाही, बरा आहे मी." आणि फोन ठेवून ते उठले. या वेळी ते गाडीच्या डाव्या बाजूला गेले.

"दिंडोशीला घेशील का? रतन तिकडे राहतो."

"पत्ता माहितीये तुम्हाला?"

"सात पत्रं पाठवलीत मी त्या पत्त्यावर."

दिंडोशीपर्यंत चेतनाने एसी लावला आणि गाडी तिला हवी तशी चालवली. काकांनी तिच्या पायाकडे एकदाही पाहिलं नाही.

रतनचं घर तिथल्या वसाहतीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. दारावर बाबासाहेबांचा फोटो होता. दार त्याच्या बायकोने, सोनूबाईने उघडलं. "जय भीम, काकी," चेतना म्हणाली. सोनूबाईने तिला जय भीम केला, मग तिच्यामागच्या माणसाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. ती आत वळली.

रतन बाहेर आला. काकांच्याच वयाचा, सडपातळ, बनियनवर. त्याने काकांना क्षणात ओळखलं, हे दिसतच होतं. पण "आत या" म्हणाला नाही. कठड्यावरून खाली उभ्या असलेल्या लाल गाडीकडे त्याने एक नजर टाकली.

"काय काम काढलंत, साहेब?"

वाटेत चंद्रप्रकाश काकांनी काहीतरी जुळवलं असावं, पण ते सगळं विसरलेलं दिसत होतं. त्यांना आयुष्यभर जी एक भाषा येत होती, तीच तोंडातून निघाली.

"ती खालची गाडी. हिची आहे. आज एकेचाळीस किलोमीटर चालवली. आठ पूर्णांक नऊ लिटर प्यायली."

रतनलाही कागद लागला नाही. "चार पूर्णांक सहा," तो म्हणाला. "चालवत कोण होतं?"

"मी." काका कठड्याला धरून सरळ उभे राहिले. "आणि मी नीट चालवत होतो, रतन."