बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. वैजनाथ माझा पहिलीपासूनचा दोस्त, आन हे त्याच्या घरचं हाय. पण अम्मीचा दम्याचा, तोंडात फवारा मारायचा पंप समोर पडलाय. तो बघितला की डोकं फिरतं. म्हणून लिहून राहिलो.

आम्ही हदगावचे पिंजारी. अब्बा मशीनवर कापूस पिंजतात, अम्मी गाद्या भरती. आमच्या घरात कापूस बारा महिने उडतो, भाकरीवर बी बसतो. अम्मीला त्यानं कधी शिंक आली न्हाई. पण दसरा झाला की ती वैजनाथच्या रानात वेचायला जाती, आन तिथून येती ते हात लाल, मानेवर गांधी उठलेल्या, डोळे सुजलेले. मागच्या साली तर श्वासच आत जाईना. नांदेडला नेलं. तीन दिवस नाकाला नळी.

नको जाऊ म्हणलं तर ऐकत न्हाई. वेचणीतच चार बायांशी बोलणं होतं म्हणती.

पहिल्या डॉक्टरनं भूकंपावर ढकललं. अम्मीचं माहेर किल्लारीकडं, लहानपणी भिंतीखाली सापडली होती. माती छातीत गेली असंल म्हणला. वीस साल माती गप बसली, आन फक्त कापसाच्या दिवसात उठती?

मग गावानं ठरवलं, बीटी कापसाची खाज. वैजनाथचे वडील आप्पासाहेब पारावर बसून सगळ्यात मोठ्यानं सांगायचे, हे कंपनीचं बियाणंच इखारी हाय. आन दर साली तेच लावायचे. एक झोळीवाला कार्यकर्ता भाषण करून गेला, बीटी रगतात उतरती म्हणून. बायांनी घाबरून मुलांना कापसातून हाकललं.

मागच्या दिवाळीत वैजनाथ लातूरहून आला. डॉक्टर व्हायचंय त्याला, दोन साल झाले क्लास लावून. त्यानं मला नोट्स उघडून दाखवल्या. बीटीचं प्रोटीन अळीच्या पोटात काम करतं, माणसाच्या पोटात न्हाई, ह्याच्यावर प्रश्न येतो, सरांनी खूण करून दिलीय.

मी म्हणलं, "वैज्या, अम्मी कापूस खात न्हाई. वेचती."

त्यानं नोट्सचं पान उलटलं. मीच शोधायचं ठरवलं. बारावीनंतर माझं शिक्षण म्हणजे हा मोबाइल.

बीटीच्या बॅगेत एक छोटं पाकीट येतं, साध्या सरकीचं. कडेला लावायचं असतं, साध्या अळ्या तिथं जगाव्या, बीटी पचवणारी जात वाढू नये म्हणून. हदगावात ते कुणी लावत न्हाई, उकिरड्यावर जातं. जूनमध्ये मी वैजनाथच्या घरून तसली पाकिटं आणली आन मूठभर बीटी मागून घेतली. पिंजायच्या शेडमागं चार ओळी बीटी लावली, चार ओळी साधी. फवारणीचं औषध कशालाच मारलं न्हाई. साधीला अळीनं लई खाल्लं, तरी वेचण्यापुरता कापूस झाला.

अम्मीला सांगितलं न्हाई कोणती कुठली. एक दिवस ह्या ओळी वेचल्या, चार दिवसांनी त्या. मी तिचे हात बघत बसलो. काहीच न्हाई. दोन्ही वेळा हात साफ.

चार ओळींवरून जगाचं सांगून न्हाई राहिलो. कुणाला बीटीनं काय होत असंल तर मला माहीत न्हाई. मला अम्मीचं इचारायचं होतं.

कृषी केंद्रवाल्या दुकानदाराला हे सांगितलं, तर लई खूश झाला. दुकानात लावायला त्या ओळींचा फोटो मागितला. मी म्हणलं, मग रानातल्या औषधानं होत असंल का? तर गिऱ्हाईकाकडं वळला. बियाणं बी तोच इकतो, औषध बी तोच. झोळीवाल्याला फोन केला, तर तो म्हणला तुला कंपनीनं पढवलंय.

घरी येऊन बडबडत होतो. अम्मी गादीला टाके घालत होती. मान वर न करता बोलली, "बाजार के दुसरे दिनच होता रे मेरेको."

हे ती पहिल्या सालीच बोलली होती. मी बी ऐकलं नव्हतं. वैजनाथचा राग येतोच, पण माझा जास्ती येतो.

पुढच्या बाजाराला मी बाजारात न जाता वैजनाथच्या रानात गेलो. तो सुट्टीला आलेला, पाठीवर फवारणीचा पंप, तोंडाला रुमाल.

"उद्या वेचायला कोण येणार हाय?"

"बाया. तुझी अम्मी बी."

"आन आज तू काय मारून राहिलास?"

त्याचा पंपावरचा हात थांबला. आप्पा बाजाराच्या दिवशीच मारायला सांगतात म्हणला. बाया बाजाराला गेलेल्या असतात, रान रिकामं असतं, कुणाच्या अंगावर उडत न्हाई.

चांगल्या मनानं. सात-आठ साल झाले. औषधानं ओल्या बोंडात दुसऱ्या सकाळी बाया घालायच्या. मी रानाच्या धुऱ्यावरचा औषधाचा डबा उचलून त्याच्यापुढं धरला, फवारल्यावर किती दिवस रानात जायचं न्हाई ते वाच म्हणलं. बारीक इंग्रजी. त्यानं वाचलं, दुसऱ्या दिवशी तर जायचंच न्हाई म्हणला, आन खाली बसला.

"मागच्या दिवाळीत मला अळीचं पोट शिकवून राहिलतास. हे का न्हाई बोललास?"

"तू बीटीचं इचारलंतास. फवारणीचं कुणी इचारलंच न्हाई."

त्याला मारावंसं वाटलं. खरंच.

संध्याकाळी आप्पासाहेबांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आन म्हणले, "पोरा, खराबी बियाण्यात हाय. सगळं हदगाव म्हणतं." हे पहिले म्हणलं कुणी होतं? दुसऱ्या सकाळी मी अम्मीला घरी ठेवलं. बाकीच्या बाया गेल्या.

वैजनाथ उद्या लातूरला चाललाय. आज येऊन बसला. डोळ्याला डोळा देईना. लिही, पण आप्पाचं नाव घालू नको म्हणला. मग उठता उठता बोलला, "मी गेल्यावर आप्पाला कोण थांबवणार?"

मी त्याला सांगितलं, "नाव मी घालणार. आन तू बिनघोर जा. दर बाजाराला मी तुझ्या रानात, मधल्या सरीत बसलेला असन. आप्पानं पंप भरला तरी उठणार न्हाई. त्यांना मारायचं असंल तर पहिले माझ्या अंगावर मारावं लागंल. हा माझा तुला शब्द हाय, वैज्या."