वीस मिनिटांची थाप

मी विमानतळाची पाटी बोलतेय. हसू नकोस, पेंटरदादा. हिंमत असेल तर माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून दाखव. अठरा वर्षं भर उजेडात थापा मारतेय मी!

शाळा माझी दोन ओळींची. अंगावर लिहिलं होतं तेवढंच येतं: 'पलीकडचं बेट, अंतर ७० किमी. वेळ २० मिनिटं.'

जुनं पिंप कापून, ठोकून मला सरळ केलं. पोट अजून जरा पुढेच आहे. तुझ्याआधीच्या पेंटरने पायलटला विचारलं, "अंतर किती?" तो इंजिनाच्या घरघरीत ओरडला, "सत्तर मैल!" पायलट लोकांचा मैल समुद्रावरचा, चांगला लांबलचक. पेंटर म्हणाला, "हल्ली मैल कोण लिहितं?" आणि दिलं ठोकून 'किमी'. वीस मिनिटं त्याने मनानेच काढली. खरं अंतर एकशे तीस किलोमीटर. चाळीस मिनिटं.

मला मजा वाटायची. विसाव्या मिनिटाला लोक म्हणे पिशव्या सावरून बसायचे, आणि खाली नुसतं पाणी! परत आले की माझ्यावर डोळे वटारायचे. मी खिळ्यावर कुईकुई हसायची.

विमानतळाच्या नव्या साहेबाला पायलटने चूक सांगितली. साहेब म्हणाला, "पाटी सरकारी आहे. तुमचं घड्याळ खाजगी."

इथे काटेवाली मावशी आहे. विमान नऊ जागांचं, म्हणून ती माणसांचंही वजन करते. कुणी पोट आत ओढलं की म्हणते, "काट्याला डोळे नसतात रे बाबा."

गेल्या महिन्यात दुपारी तिला फोन आला. पलीकडच्या बेटावर तिची धाकटी बहीण शेवटच्या घटका मोजत होती, "ताईला बोलवा" म्हणत होती. साडेचारच्या विमानात मावशी चढलीसुद्धा. तेवढ्यात साहेब आपला पाहुणा घेऊन आला; जागा एकही उरली नव्हती.

"मावशी, उतर जरा. वीस मिनिटं जायला, वीस यायला. साडेपाचला खास तुला नेतो."

"साहेब, मला परत यायला सहा वाजतात," पायलट म्हणाला. "तिकडे धावपट्टीला दिवे नाहीत. अंधारात उतरायचं कसं?"

साहेबाने बोट केलं. माझ्याकडे! मावशीने मला वाचलं आणि गुमान उतरली.

विमान परतलं तेव्हा सहा वाजून गेले होते. सूर्य पाण्याला टेकलेला. पुढचं विमान चार दिवसांनी. बहीण दुसऱ्याच दिवशी गेली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली, दादा. खिळा सोडून साहेबावर पडले. मेलं, पायावरच पडले! डोकं हुकलं.

मग मावशी आली. पत्र्याच्या तुकड्याने तिने माझ्या दोन्ही ओळी खरवडून काढल्या. दुखलं खूप, पण बरं वाटलं. आता साहेबाने तुला धाडलंय, हातात चिठ्ठी देऊन: 'होतं तसंच लिही.' का, तर उद्घाटनाच्या फोटोत मी तशीच आहे!

ती बघ मावशी, काट्याशी उभी. येईल त्याला सांगते, "मीच उतरायला नको होतं." मेल्यांनो, तिचं काय चुकलं? खोटं माझ्या अंगावर होतं! तिला दिसेल असं ठळक लिही: एकशे तीस. चाळीस मिनिटं. म्हणजे तरी ती स्वतःला दोष द्यायची थांबेल.

काय, साहेब रागावेल? पुन्हा सत्तरच लिहिणार?

मग तो ब्रश माझ्या अंगाला लावू नकोस. उचल डबा. जा. अरे जा म्हणते ना!