धान्यदेवीचा उजवा हात

टपालाचं एक जुनं, फिकट हिरवं तिकीट. त्यावर कणीस धरलेला बाईचा हात. करंगळी कणसाला टेकत नाही.

नाट्यगृहाचा मखमली पडदा. त्यावर सोनेरी धाग्यांनी भरलेली धान्यदेवी, पाताळात ओढून नेलेल्या आपल्या मुलीला हाक मारणारी. पडदा सरकला की तिचा चेहरा घडीत जातो, हात बाहेर राहतो.

शाळेत तोंडपाठ करावी लागणारी एक कविता. तिच्यात देवीची करंगळी हिवाळ्याकडे वळलेली आहे. का, असं पोरं विचारतात. मास्तर पुढचं कडवं घेतात.

गॅसवर ठेवलेलं दूध.

करवतीचं पातं पुतळ्याच्या मनगटावर टेकवून प्लास्टरबाईने ते पुन्हा उचललं.

"धूळ उडेल. जरा मागे व्हा," ती म्हणाली.

संशोधक दोन पावलं मागे सरकली. कलाशाळेच्या पुतळादालनात त्या दोघीच होत्या. बाकी सगळे प्लास्टरचे देव. त्यांची मोडलेली नाकं, कान, बोटं बसवण्यात प्लास्टरबाईची तीस वर्षं गेली होती. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. तिच्या आधी हेच काम तिचे वडील करायचे. समोरची धान्यदेवी माणसाच्याच उंचीची होती, उजवा हात पुढे केलेली. साठ वर्षं या शहरातला प्रत्येक चित्रकार हात काढायला शिकला तो हिच्याकडे बघून.

"मला तरी कुठे बरं वाटतंय, ताई," संशोधक म्हणाली. तिने भरवलेलं प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं: जुन्या पुराणकथांनी आपल्या चित्रांना, पुस्तकांना, नाटकांना काय दिलं. भिंतींवर चित्रं लागलेली होती. मधोमध ही देवी. "पण गेल्या महिन्यात मी मूळ संगमरवरी मूर्ती बघून आले. तिचा हात मनगटाशी संपतो. प्राचार्यांनी लेखीच दिलंय, खोटा हात काढून टाका म्हणून."

"संपतो म्हणजे? आता तुटलाय का?"

"आता नाही हो. जमिनीतून निघाली तेव्हाच नव्हता. तुमच्याकडे जी प्लास्टरची प्रत आली असेल, तिलाही नसणारच."

प्लास्टरबाईने करवत स्टुलावर ठेवली. मग ती उचलली आणि स्वतः स्टुलावर बसली.

साठ वर्षांपूर्वी परदेशातून देवीची पेटी आली, वडिलांनी ती उघडली तेव्हा देवीला हात नव्हता. त्यांनी दोन दिवस पेंढा उपसला, चाळणीने चाळला. बोटाचा तुकडासुद्धा मिळाला नाही. नोकरी जाईल या धास्तीने त्यांनी घरी बायकोच्या हाताचा साचा घेतला आणि सोमवारी सकाळी कोणी यायच्या आत हात बसवून टाकला. ‘माझ्या हातून गेला,’ असं ते घरात, दार लावून, शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्या हाताचं कोणी कौतुक केलं की ते जमिनीकडे बघायचे.

"ताई? पाणी आणू का?"

"पाणी नको. तासभर द्या. आईला घेऊन येते."

"आईला? इथे कशाला?"

"ज्याचा हात कापायचा त्याला विचारायला नको?"

आई चौऱ्याऐंशीची. या दालनात ती आज पहिल्यांदा येत होती. कोणाची नजर करंगळीवर जाईल म्हणून नवऱ्याने कधी आणलंच नव्हतं. काठी टेकत ती भिंतीभिंतीने फिरली. एका चित्रापाशी थांबली, दुसऱ्यापाशी थांबली. तैलरंगातली देवी, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची देवी, कारंज्यावरच्या देवीचा फोटो. मग तिने स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला.

"अगं बाई, एवढ्या जणींना माझं दुखणं लागलं म्हणायचं!"

संशोधक जवळ आली. कातडी सुरकुतलेली होती, पण हाड तेच होतं. करंगळी दुसऱ्या पेरापासून बाहेर वळलेली.

"कशाने झालं, आजी?"

"धुलाईघरात कामाला होते. चादरी दाबायच्या रोलरमध्ये सापडली. मुकादम म्हणाला, चादर फाटली का बघ आधी."

संशोधक हसली नाही. म्हणाली, "मी देवीच्या या तळव्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. असा वर उचललेला, अर्धा वळलेला. ही हाक आहे की नकार. आईचा शोक अजून ठरत नाही, असं काहीतरी."

"दूध होतं गं."

"काय?"

"दूध. गॅसवर. मी आपली स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली, हाताला तेल चोपडलेलं. हे प्लास्टर कालवतायत. तेवढ्यात दूध वर आलं. मी म्हटलं, अहो, दूध! आणि हात असा झाला. तर हे बघतच राहिले. म्हणाले, हलू नकोस. हाच हात. दूध सगळं गेलं, पण हा माणूस काही जागचा उठला नाही. वर माझ्या नाकाला खाज सुटली, तर तेवढी मात्र खाजवून दिली."

प्लास्टरबाई हसता हसता थांबली. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली,

"आई, बाबांच्या हातून काही तुटलं नव्हतं. देवीला हात नव्हताच आधीपासून."

आईने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे यांनी नवीनच केला?"

"नवीनच."

"आणि आयुष्यभर मान खाली घालून फिरले! वेडा माणूस."

ती पुतळ्यापाशी गेली. काठी लेकीकडे दिली आणि आपला हात देवीच्या हाताशेजारी धरला, तसाच, अर्धा वळवून. पाठ ताठ होती.

संशोधक बराच वेळ भिंतींकडे बघत राहिली. मग पुतळ्याखालची छापील पाटी तिने काढली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"प्राचार्यांशी मी बोलते. हा हात काढायचा तर आधी या भिंती रिकाम्या कराव्या लागतील. आजी, कोणाचं नाव लिहू?"

"त्यांचं. ठळक लिही, लांबून दिसेल असं."

"आणि तुमचं?"

"माझं खाली, बारीक. दुधाचं नको लिहूस पण. लोक हसतील."

प्लास्टरबाईने करवत फडक्यात गुंडाळली.

देवीची पेटी आली तेव्हा झाकणावर, परक्या भाषेतल्या शिक्क्यांच्या गर्दीत, त्याच भाषेत काळ्या रंगाने लिहिलेलं होतं: उजवा हात नाही. फळी चांगली आहे म्हणून वडिलांनी ते झाकण त्याच सकाळी घरी पाठवलं, लिहिलेली बाजू खाली करून त्याला चार पाय ठोकले, आणि टेबल म्हणून स्वयंपाकघरात ठेवलं.