जॅकेटच्या बाह्या

मृणाल मॅडमनी भर दुपारी माझ्या घराच्या खिडक्यांना गोधड्या लावायला सांगितल्या. त्या फॉरेन्सिकच्या, दोन पोलिसांबरोबर आलेल्या. रक्ताचे डाग शोधायला अंधार लागतो म्हणाल्या. मी म्हटलं, लावा बाई, पण ती निळी गोधडी माझ्या आईची हाय, तिला खिळा मारू नका.

प्रकरण असं. शेजारचा विपुल आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर, दुरुस्तीला ओढून ठेवलेल्या होडीखाली डोकं फुटून पडलेला सापडला. इस्पितळात नेला, शुद्ध न्हाय. आणि त्याच दुपारी माझ्या बहिणीच्या पोरीनं, पूर्वीनं, त्याला जेटीवर चारचौघांत ढकललं होतं, कारण तो तिचे व्हिडिओ काढत होता. झालं. आख्ख्या आगरदांडा गावानं निकाल देऊन टाकला, पूर्वीनंच केलं.

पूर्वी सतरा वर्षांची, जन्म कॅनडातला. तिथं शाळेत कुठल्या पोरीला मारलं म्हणून तिला काढली, तेव्हा माझी बहीण सुचिता म्हणाली, ताई, थोडे महिने तुझ्याकडं ठेव, जरा वळण लागंल. वळण लावायला मी काय शाळा काढली हाय? पोरगी दिवसभर कानात गाण्याची बोंडं घालून बसायची. मासळीचा वास आला की नाकाला जॅकेटची बाही. स्वतःचा कप विसळायची न्हाय. मी मासळी बाजारात ओरडून ओरडून घरी यायचे आणि ही नुसतं 'हम्म' म्हणायची. कधी तिची माया यायची, कधी दोन लगावाव्या वाटायच्या, कधी दोन्ही एकदमच.

आणि विपुल सापडला त्या संध्याकाळी हीच पोरगी मोरीत बसून जॅकेटच्या बाह्या घासताना मी बघितली होती. विचारलं काय न्हाय. दिवा मालवला आणि झोपले.

मॅडमनी फवारा मारला आणि माझं घर निळं पेटलं. मोरी निळी, उंबरा निळा, मासळी कापायची कोयती तर सगळ्यात जास्त उजळली. म्हटलं, संपलं आता सगळं. पण मॅडम शांत. हे औषध नुसता इशारा देतं, मासळीच्या रक्तालाही उजळतं, म्हणाल्या. कोळणीचं घर उजळलं नसतं तरच त्यांना नवल वाटलं असतं. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी खुंटीवरचं पूर्वीचं जॅकेट काढून त्यावर फवारा मारला. दोन्ही बाह्या मनगटापासून वर उजळत गेल्या.

"ही मासळी साफ करते का?" मॅडमनी विचारलं.

आता काय सांगू? सकाळीच चौकशीला आलेल्या पोलिसांना मी ठणकावून बसले होते, आमची पोर मासळीला बोट लावत न्हाय, ती कुणाचं काय डोकं फोडणार! तिची बाजू घ्यायला गेले आणि तेच तिच्या गळ्याशी आलं. मी पूर्वीकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती. बोल ना गं बाय, मनात म्हटलं, कायतरी बोल.  माझं डोकंच चालेना, तोंड मात्र चाललं.

"जॅकेट मी घातलं होतं."

एका पोलिसानं माझ्या दंडाकडं बघितलं. त्या बाहीत माझा हात कोपराच्या वर गेला असता तर नशीब.  बाहीचा बारीक तुकडा कापून मॅडमनी कसल्याशा पाण्यात भिजवला आणि त्याचे थेंब एका छोट्या पट्टीवर टाकले. माणसाचं रक्त असेल तर दोन रेघा उमटतात, नसेल तर एकच. पक्कं लॅबमध्ये कळेल, पण थोडं थांबलं तर इथंही अंदाज येईल, म्हणाल्या.

थांबलो. तेवढ्यात सुचिताचा फोन. बातमी कॅनडाला पोचली होती. माझ्या फोनचा आवाज एवढा मोठा की वेगळा स्पीकर लागत न्हाय, सगळ्यांनी ऐकलं.

"ताई, खरं सांग. केलं का गं तिनं?"

पोर जेवली का, घाबरली का, काय न्हाय. असा संताप झाला माझा, म्हटलं ठेव फोन, आणि मीच ठेवला.

पट्टीवर एकच रेघ उमटली. दुसरीची वाट बघून माझे डोळे दुखायला लागले, पण ती आली न्हाय. माणसाचं रक्त दिसत नाही, मॅडम म्हणाल्या, आणि जॅकेट पिशवीत घातलं.

"अगं, मासळीचंच असणार ते," दारातून ठमी म्हणाली. बाजारात माझ्या शेजारी बसते ती. दुपारी मी लवंडले की पूर्वी तिच्या ओट्यावर जाऊन बांगडे साफ करायला शिकत होती म्हणे. मावशीला सांगू नको, ती हसंल, अशी ताकीद दिलेली. मी आपली घोरत होते.

संध्याकाळी निरोप आला, विपुल शुद्धीवर आला. होडीवर चढताना पाय घसरला असं त्यानं स्वतःच सांगितलं. तोवर पोलीस गेले होते, गोधड्या तशाच लटकत होत्या.

पूर्वीला म्हटलं, तेव्हाच का न्हाय बोललीस? ती म्हणाली, तिकडं शाळेत मी बोलले होते, खरं तेच. कुणी ऐकलं नाही.

मग कानातली बोंडं काढून माझ्यासमोर बसली.

"मावशी, तू जॅकेट घातलं होतं म्हणालीस. म्हणजे तुला वाटलं, मी केलं."

 न्हाय म्हणावं तर खोटं, व्हय म्हणावं तर मी आणि सुचिता एकाच माळेचे मणी.

"व्हय," मी म्हटलं. "वाटलं."

"आणि तरी म्हणालीस?"

"तरी म्हणाले."

 तिला राग आला का बरं वाटलं, मला तेव्हाही कळलं न्हाय, अजून कळलेलं न्हाय. मग ती उठली, टोपलीतला बांगडा घेतला, कोयती पुढ्यात ओढली आणि जॅकेटशिवाय, उघड्या हातांनी त्याचं पोट चिरलं. वाकडंच. मी तिचा अंगठा धरून पात्यापासून जरा मागं सरकवला.