शंभर खुर्च्यांचं दुकान

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. अभ्यासाच्या टेबलाशी असते तसली नव्हे. मी दाढी-कटिंगच्या दुकानातली लोखंडी, गोल फिरणारी आणि मागे मान टेकायला उशी असलेली खुर्ची आहे. माझं वजन इतकं, की मला हलवताना चार माणसं एकमेकांवर ओरडतात. अंगानं मी अशी दांडगी, पण स्वभावानं भित्री. का नसेन? जन्मभर माझ्या डोक्यावर वस्तरा फिरतोय.

माझा सांगाडा एका कारखान्यात ओतला. तिथून मला आबांनी आणलं. आबा या दुकानाचे पहिले मालक. तोवर ते गिऱ्हाइकाला लाकडी स्टुलावर बसवून दाढी करत. त्यांनी मला दोन आरशांच्या मधे बसवलं आणि पायाशी चार बोल्ट घट्ट पिळले. पहिल्याच दिवशी समोरच्या आरशात पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली. आत एक खुर्ची, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, अशी रांग दूर काळोखात गेलेली. सगळ्या माझ्याच तोंडावळ्याच्या. आबा हसले. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ते रांग दाखवून म्हणायचे, "शंभर खुर्च्यांचं दुकान आहे आपलं. भाडं मात्र एकाच खुर्चीचं भरतो."

आबांचे दोन नियम होते. वस्तरा गळ्याशी आला की दोघांचीही तोंडं बंद. गप्पा रंगात आल्या तर ते वस्तरा उचलत, बोलणं संपवत आणि मगच पुन्हा टेकवत. बोलणं आणि वस्तरा एका वेळी चालवला की दोन्ही घसरतात, असं ते म्हणत. दुसरा नियम, अर्धी दाढी सोडून गिऱ्हाईक उठवायचं नाही, मग आभाळ कोसळो.

माझे चांगले दिवस पुष्कळ होते. माझ्या दोन हातांवर फळी आडवी टाकून लहान मुलांना बसवत. ती आधी भोकाड पसरत आणि नंतर उतरायला तयार नसत. मोठी माणसं मान टेकली की घोरू लागत. या खुर्चीत डोळा लागतोच, असं जो तो म्हणे आणि मी मनातल्या मनात फुगे.

आबांनंतर त्यांचा मुलगा उभा राहिला. गल्ली त्याला दादा म्हणते आणि त्याच्या बायकोला वहिनी. वहिनी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवतात. दोघांनी पोटाला चिमटा काढून हा गाळा विकत घेतला. कागदावर दोघांचीही नावं लागली. त्या दिवशी वहिनी स्वतः माझ्यावर बसल्या आणि एक पूर्ण गिरकी घेऊन हसल्या. मला ते हसू अजून आठवतं.

मग घड्याळवाले साहेब आले. मनगटावर वाटीएवढं घड्याळ, बोलणं साखरेसारखं. रोज दाढीला येत आणि सुटे पैसे परत घेत नसत. ते एका नाण्याबद्दल बोलत. मित्रांनो, नाणं म्हटलं की मला खिशात खुळखुळणारं नाणं ठाऊक. माझ्या गादीच्या फटीत अशी कितीतरी सापडली आहेत. पण हे नाणं कुणी पाहिलेलं नव्हतं. ते फोनच्या आत राहायचं, झोपेत वाढायचं आणि लवकरच सगळं जग त्यावर चालणार होतं म्हणे. हे ऐकून मला का कोण जाणे, आरशातली ती रांग आठवली.

दादा काही खुळा नव्हता. त्यानं बरेच दिवस हसण्यावारी नेलं. पण शेवटी फसला तो न्हाव्यालाच सुचेल अशा हिशेबानं. तो वहिनींना म्हणाला, "अगं, जो माणूस रोज माझ्या वस्तऱ्याखाली मान देतो, तो मला कशाला बुडवेल?"

वहिनी म्हणाल्या, "मान तो देतो. पैसे तुम्ही देताय."

दादानं आधी थोडे टाकले. फोनवर आकडा वाढला. त्यातले थोडे काढून पाहिले, तर ते खरंच हातात आले, आणि त्यातून मला लाल रंगाची नवी गादी मिळाली. मग काय, दादाला आभाळ ठेंगणं झालं. गाठीला होतं नव्हतं ते सगळं त्यानं आत लोटलं. फोन पावडरच्या डब्याला टेकून आरशापुढे उभा राहू लागला. दादाचा एक डोळा गालावर आणि एक आकड्यावर. गिऱ्हाइकांनाही तो आता तेच सांगू लागला. कुणी ऐकलं, कुणी पैसेही टाकले. माझ्यात आता कुणाचा डोळा लागेना. सगळे ताठ बसून आकड्याकडे बघत.

एका सकाळी साहेबांच्या गळ्याशी वस्तरा असताना फोन किणकिणला. दादा बोलता बोलता तिकडे वळला आणि हात घसरला. पांढऱ्या कापडावर रक्ताचा थेंब पडला. दादाच्या हातून आजवर असं कधी झालं नव्हतं. साहेबांनी हसून सोडून दिलं, दादानं तुरटी लावली. मी मात्र बोल्टांपर्यंत शहारले.

मग वहिनींनी एकच गोष्ट मागितली. त्या म्हणाल्या, सगळे पैसे एकदा काढून माझ्या हातात ठेवा, मी बघते, मग हवे तर पुन्हा टाका. दादानं हौसेनं बटण दाबलं. पैसे आले नाहीत, निरोप आला. आधी फी भरा, मग रक्कम सुटेल. फी एवढी होती, की गाळा गहाण टाकल्याशिवाय भरता येणार नव्हती. साहेब म्हणाले, घाबरू नका, मी कागद तयार करून आणतो, फक्त दोघांच्या सह्या लागतील. पण मुदत उद्यापर्यंतच आहे.

त्या रात्री मला भीतीनं घेरलं. गाळा गेला तर दादा कुठे उभा राहणार? वहिनींच्या इतक्या वर्षांच्या कॉलरी कुठे गेल्या म्हणायचं? आणि मला कोण ठेवणार? शेजारच्या दुकानाचा मोठा तराजू भंगारात जाताना मी पाहिला होता. त्याचे तुकडे करूनच त्याला गाडीत टाकलं.

दुसऱ्या सकाळी साहेब कागदांची पिशवी घेऊन आले. आधी दाढी, मग सही, असं म्हणत ते माझ्यावर टेकले. वहिनी कामावर न जाता दारात उभ्या होत्या. दादानं फेस लावला आणि एक गाल साफ केला. मग वस्तरा गळ्याशी आणला आणि तिथेच थांबला. आबांचा नियम मोडून तो बोलला.

"साहेब, तुम्ही स्वतःचे सगळे पैसे कधी काढलेत का?"

साहेबांना मान हलवता येईना. पण माझ्याजवळ काय लपणार? त्यांची बोटं माझ्या हातांत रुतली. पाठीच्या घामानं नवी गादी ओली झाली. घड्याळ माझ्या लोखंडावर टकटक आपटू लागलं. वर पाहिलं तर दादाचे डोळे मला ओळखू येईनात. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. पाय जमिनीला पिळलेले नसते तर पळून गेले असते.

वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, वस्तरा उचला. मग बोला."

दादानं वस्तरा उचलला. साहेबांनी लांब श्वास घेतला आणि त्यांचा साखरेचा आवाज पार विरघळला. "माझेही अडकलेत," ते म्हणाले. "राहतं घर विकून पैसे टाकलेत मी. तुमची फी आली की माझे थोडे सोडू, असं ते म्हणालेत."

"ते म्हणजे कोण?" दादानं विचारलं.

"माहीत नाही. मी कधी कुणाचं तोंड पाहिलं नाही."

दादानं एकदा हातातल्या वस्तऱ्याकडे पाहिलं. मग त्यानं ब्रश ओला केला, दुसऱ्या गालाला पुन्हा फेस लावला आणि दाढी पुरी केली. तोंड पुसलं, तुरटी फिरवली. साहेब कागदांची पिशवी उचलून गेले, ते पुन्हा आले नाहीत. सही झाली नाही. गाळा वाचला.

पैसे मात्र गेले, मित्रांनो, ते परत आले नाहीत. दादाच्या शब्दावर ज्यांनी पैसे टाकले होते, त्यातले काही जण आता रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात जातात. दादा त्यांना हाक मारत नाही. वहिनी जादा कॉलरी शिवतात. आणि मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते सांगू? त्या फोनवरचा आकडा अजून रोज वाढतो. आत कुणी नाही, काही नाही, तरी वाढतोच. दादा रोज सकाळी एकदा तिकडे बघतो आणि फोन पालथा ठेवतो. एखाद्या दिवशी तो पालथा ठेवायचा विसरला तर?

परवा एक चिमुरडी फळीवर बसली होती. आरशातल्या खुर्च्या मोजता मोजता तिला येणारे आकडे संपले. "काका, किती खुर्च्या आहेत हो तुमच्याकडे?" तिनं विचारलं. मी आबांच्या जुन्या उत्तराची वाट पाहत होते. दादानं कात्री खाली घेतली.

"एकच आहे," तो म्हणाला. "ही. हात लावून बघ."

तिनं आपला इवलासा तळवा माझ्या हातावर ठेवला. साहेबांच्या नखांनी जिथला रंग खरवडला होता, नेमका तिथेच.

मित्रांनो, मला अधूनमधून थोडं तेल घाला, गादीचं फाटलेलं वेळीच शिवून घ्या, मी तुम्हाला पुष्कळ वर्षं पुरेन. आणि माझ्यासारखं थोडं भित्रं राहायला लाजू नका. उद्या कुणी गोड बोलून तुम्हाला आरशातल्या खुर्च्या विकायला आला, तर त्याला आधी त्यातल्या एकीवर बसून दाखवायला सांगा.